मूळ जागी आहे का?

फॉर्म चार पानी.
पहिल्या पानावर मालकाचं नाव, रस्त्याचा नंबर, छपराची तऱ्हा.
तिसऱ्यावर दोन चौकोन:
वास्तू मूळ जागी आहे का? हो. नाही.
बाकी काही लिहायला जागा ठेवलेली नाही.

सकाळपासून तीन ठिकाणं झाली.
डोस्टालांचा गोठा बारा बाजूंचा,
सैतानाला लपायला कोपरा नको म्हणून, असं सांगतात;
मला वाटतं लाकूड कमी लागलं असेल.
दुसरा गोठा बसायच्या बेतात,
गाय बसते तसा, आधी पुढचे गुडघे.
तिसरीकडे नुसता सायलो उरलाय,
आणि आत उगवलेलं मलबेरीचं झाड
वरून डोकं काढून बघतंय
कोण आलं ते.

चौथं घर आर्लो थिल यांचं. पांढरं, दुमजली, पाइनचं.
म्हातारा कानाला हात लावून प्रश्न ऐकतो
आणि हसत सुटतो.

तेव्हा नवा रस्ता पलीकडून गेला.
आजोबा म्हणाले, रस्ता येत नसेल तर आपण जाऊ.
जानेवारीत, जमीन दगड झाल्यावर,
घराखाली ओंडके सारले,
एका घोड्याला रहाटाभोवती फिरवत ठेवलं.
नऊ दिवस.
आजी, काट्रिन, दिवस भरलेली,
उतरायला तयार नव्हती.
चूल पेटती होती. पाव भाजले जात होते.
शेजारी रोज सकाळी धूर बघायचे: आज कुठून निघतोय?
तिच्या खिडकीत सोमवारी ओढा होता,
बुधवारी चर्चचा मनोरा,
शनिवारी वाइलँडांची पवनचक्की, अगदी हाताशी.
टपालवाला पाकिटं घेऊन शेतातून चालत यायचा
आणि शिव्या द्यायचा.

पाचव्या दिवशी माझे वडील जन्मले.
घरातच जन्मले, आर्लो म्हणतो,
पण कुठे, ते विचारू नका. तिथं आता मका असतो.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात.
मी माळ्यावर चढून पाहिलं.
वासे जागच्या जागी,
खुंट्या ओकच्या, घट्ट,
एकही खाच सुटलेली नाही.
फक्त स्वयंपाकघराची जमीन जराशी कललेली;
टेबलावरून पडलेला वाटाणा
अजून चुलीच्या बाजूला जातो.

मग त्याने मला जुनी जागा दाखवली.
कापणी झालेलं शेत, वारा, खुंटच खुंट,
आणि मधोमध लायलॅकचं झुडूप. आता नुसत्या काड्या.
तळघर कधीच बुजवलंय.
झुडूप कुणी काढत नाही.
घोड्याचा नांगर वळसा घालून गेला,
बापाचा ट्रॅक्टर वळसा घालून गेला,
नातवाचं यंत्र उपग्रहाला विचारून चालतं,
तेही इथं येऊन वळतं.
कुणी सांगितलं त्याला, मी विचारलं.
आर्लोला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

गाडीत बसून 'नाही'वर खूण केली.
'नाही' म्हणजे गुण कमी,
यादीत खालचा नंबर.
पेन्सिलच होती. खोडली.
समासात बारीक अक्षरात लिहिलं:
नऊ दिवस. धूर चालू.
कार्यालयात विचारतील, हे काय.

अजून पाच पत्ते राहिलेत,
त्यातलं एक डुकरांचं खुराडं, विटांचं, १८९० च्या आसपास.
साडेचारला अंधारतं.