बुधवारची तुळस

हेमकांत आज साडेचारलाच घरी आला.
हातात खोका. त्यात डायरी, पाण्याची बाटली
आणि 'उत्कृष्ट विक्री, पश्चिम विभाग' कोरलेला
काचेचा त्रिकोण.
मी चहा टाकला. विचारलं नाही.
त्यानेही साखर कमी आहे असं म्हटलं नाही.

त्या त्रिकोणाच्या वर्षी कंपनीने त्यांना बँकॉकला नेलं होतं,
चाळीस पंपवाले, एकाच रंगाच्या टोप्या.
परत आल्यावर मजल्यावर सगळ्यांना हत्ती सांगितले, मॉल सांगितले.
मला मात्र दिवा मालवल्यावर, एकदाच:
गल्लीच्या तोंडाशी एक बाई खिमा परतत होती गं,
शेवटी तिने ओंजळभर तुळस टाकली.
आपल्यासारखीच. वासाने वळलो मी.
एकदम घरी असल्यासारखं वाटलं,
आणि जरा लाजही वाटली.

अकरा वर्षं मी हे ऐकून सोडून दिलं होतं.

कन्नमवार नगरच्या कोपऱ्यावर युनूसभाई
शटर अर्धं ओढून बसलेला.
अर्धा किलो, जाडसर ठेवा.
पाहुणे आलेत?
नाही. घरचेच.

थाई म्हणावं असं माझ्या घरात काही नाही.
त्यांच्याकडे म्हणे मासळीचं पाणी बाटलीत मिळतं,
माझ्याकडे जवळा. मूठभर भाजला,
कोमट पाण्यात चोळला, पिळला, पाणी ठेवलं.
लसूण सोळा पाकळ्या, लवंगी मिरच्या सात,
खलबत्त्यात नुसत्या चेचल्या.
सोयाच्या बाटलीत तळाशी दोन चमचे.
गुळाचा खडा.
कढई तापू दिली, धूर निघेपर्यंत.
शलाका आतल्या खोलीतून खोकत ओरडली, आई, खिडकी!
खिमा पडला तसा चर्र आवाज झाला
आणि बराच वेळ
घरात तेवढंच कुणीतरी बोलत होतं.

मग तुळस.
सात वाजून गेलेले, दिवाबत्ती झालेली.
तिन्हीसांजेनंतर तिला हात लावू नये,
हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही,
हातालाच ठाऊक आहे. कुंडीपाशी जाऊन तो थांबला.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.
एक किक. दुसरी. तिसरी.
म्हटलं, बाई, रोज माझ्या हातचं पाणी पितेस,
आज एवढं दे.
मंजिऱ्या ठेवल्या. पानं खुडली.

गॅस बंद करून वर टाकली, एकदाच हलवली,
आणि वास उठला, देवघराचा आणि खाटकाचा एकत्र,
पॅसेजमधल्या खोक्यावरून बाहेरच्या खोलीत गेला.
टीव्हीचा आवाज कमी झाला.

अंडी तीन, सढळ तेलात,
कडा जाळीदार करपलेल्या, पिवळं अजून थरथरणारं.
खाली वाडा कोलमचा भात.

हेमकांतने पहिला घास घेतला आणि चावतच राहिला.
तिखट आहे, म्हणाला. डोळे पुसले.
मिरच्या सातच होत्या.
बाबा, तुमचं पिवळं फुटलं, शलाका म्हणाली.
फुटू दे.

मग बोटाने एक पान ताटाच्या कडेला घेऊन
त्याने बघितलं.
कधी तोडलीस?
दुपारी, मी म्हटलं.
त्याने मान हलवली,
माझ्याकडे न बघता
वाटी पुढे केली.