पन्नास बैसा

आधी उंबरा.
टेप लावला तेव्हा कळलं, चार इंच.
रुवीतल्या या फ्लॅटमध्ये सतरा वर्षं
आम्ही रोज चार इंच चढलो-उतरलो,
कुणी मोजलं नव्हतं.

मी तर मोजणाराच माणूस.
परांच्या तपासतो. नवव्या मजल्यावर
कठडा किती उंच, फळी किती रुंद,
कुठल्या क्लॅम्पचा नट ढिला.
मी हिरवं कार्ड अडकवल्याशिवाय
एक माणूस वर पाय ठेवत नाही.
आणि रुकय्या घसरली घरात,
साबणाच्या वडीएवढ्या ओलीवर.

डॉक्टरांचा कागद फ्रिजला लावलाय:
गुडघा खुब्याच्या वर नको.
वाकणं नको. पायावर पाय नको.
"मग उरलं काय," ती म्हणाली, "भिंत?"

भिंतीसाठी शोफिकुल आला, सिल्हेटचा, ड्रिल घेऊन.
टाइलला भोकं पाडू का, मालकाला विचारलं.
अख्ख्या आखाताला पुरेल असं उत्तर आलं:
माफी मुश्किल.
भाडं मात्र पाच तारखेला.

दांडीची उंची मी सांगितली, नियमातली.
ती वॉकर धरून दारात उभी.
"ही कुणाच्या हाताची?"
मग डोळे मिटून तिनं हात भिंतीवर टाकला,
तोल जाताना जातो तसा,
आणि शोफिकुलनं पेन्सिलीनं
तिच्या करंगळीखाली रेघ मारली.
नियमापेक्षा दोन इंच खाली.

जुलै. गच्चीवरची टाकी दिवसभर ऊन पिते.
निळ्या खुणेचा नळ भाजतो,
बंद ठेवलेल्या गीझरमधून, लाल खुणेतून, गार येतं.
नव्या माणसाला हे सांगावं लागतं.
तिला नाही. पण पूर्वी चटका बसला
तर ती मागे उडी मारायची.
निळ्या नळाला मी साइटवरची
पिवळी-काळी पट्टी गुंडाळली.

"दार आत उघडतं," शोफिकुल म्हणाला.
"बाई पडली तर दारालाच अडून पडणार.
तुम्ही बाहेर, ती आत."
स्क्रू काढता काढता पुढे म्हणाला,
त्याच्या आईचं तसंच झालं.
तो तेव्हा सोहारला होता.
त्यानं बिजागऱ्या या बाजूच्या त्या बाजूला केल्या,
दार बाहेर फिरवलं,
आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

कडीसुद्धा काढून टाकू म्हटलं,
तर रुकय्या वॉकर आपटून उभी राहिली.
"तीस वर्षांच्या संसारात
मला लावता येईल असं हे एकच दार आहे."

मग बाहेरून खाच असलेली कडी शोधून आणली.
नाणं घालून फिरवलं की उघडते.
पन्नास बैसा चौकटीवर ठेवला.
ठेवताना तिनं पाहिलं. बोलली नाही.

मगरिबच्या आधी ती प्लास्टिकच्या उंच खुर्चीत बसते.
हात, चेहरा, डोक्यावरून ओला पंजा, सगळं तिचं ती.
पाय उरतात.
आपलेच पाय, आणि हर्णैच्या धक्क्याइतके लांब.
मी मग घेऊन खाली बसतो.
"टाचेला भेग पडलीय तुझ्या."
"पंधरा वर्षं झाली तिला."
बोटांच्या फटीतून पाणी सोडलं
तर गुदगुल्या होऊन हसली,
आणि हसताना हलू नकोस म्हणून
मी कागदातलं वाक्य ओरडलो.

बुधवारी ती एकटी आत गेली.
दांडी धरल्याचा आवाज.
कडी लागल्याचा.
पाण्याचा, बराच वेळ.
मग पाण्याचाही नाही.
माझा हात चौकटीवर गेला होता,
नाणं चिमटीत, गरम.

"मोजताय काय?" आतून विचारलं तिनं.

नाही, म्हणालो.
तेविसापर्यंत आलो होतो.