कालचा समुद्र

कांकालच्या धक्क्यावर
दिवसभर कालवं उपसून आलेला ग्वेनोले
भरती-ओहोटीच्या त्या फुकट प्रोग्रॅमात
बोट घालून बसलाय :
एकोणतीस फेब्रुवारीला
तो कालचाच समुद्र दाखवतो.

खोडायचा होता एकच अंक.
खोडला, पाठवला.
परत आला.
“चाचणी कुठंय? आणि ही रिकामी ओळ?”
मोंतेविदेओची कुणी इरुपे,
ओळख ना पाळख.

चरफडला. बटाटे उकडायला टाकले.
चाचणी लिहिली
मिठानं चिरलेल्या बोटांनी.

नवव्या दिवशी : “घेतलं. आभार.”

एनोरा विचारते, पैसे?
नाहीत.
नाव तरी?
आहे. तळाशी, बारीक.

बाहेर धक्क्याच्या पायऱ्या
एकेक बुडत चालल्या.
पाणी कधी चुकलंच नव्हतं.