चौथ्या महिन्याआधी

बांबोळीच्या तिसऱ्या मजल्यावर
डॉ. फुर्तादो म्हणाले, एक आकडा दे.
एकच. शुक्रवारपर्यंत.
औषध चालतं की नाही, एवढंच.

आकडा तर आहे माझ्याकडे.
शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
म्हणजे नवं औषध घ्या, नाहीतर जुनंच चालू ठेवा,
मरण आपल्या चालीनं येणार.
तीनशे बारा माणसं, तीन वर्षं,
आणि त्यांची ही अशी साळसूद बेरीज.

पण मी रेषा काढून बघितल्या.
विटकरी जुन्या औषधाची, निळी नव्याची.
निळी पहिले चार महिने
जिना चुकल्यासारखी भराभर उतरते.
मग थबकते. सावरते.
नवव्या महिन्यापाशी विटकरी तिला ओलांडून खाली जाते
आणि निळी वर राहते,
कागद संपेपर्यंत.

सूत्रातला तो गुणक
सगळे मैलाच्या दगडासारखा रोवून ठेवतात.
मी त्याच्या मनगटाला घड्याळ बांधलं.

संध्याकाळी रायबंदरहून फेरीनं चोडणला आले.
पुरसो मानशीवर बसला होता,
खाजनाच्या त्या लाकडी दारापाशी
जे भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.
मी त्याला म्हटलं, हिशेबानं बघितलं
तर तुझं दार सरासरी अर्धं उघडं असतं.
तो जाळं झटकत राहिला.
मग म्हणाला, अर्धं उघडं दार
मी फक्त एकदाच पाहिलंय गो,
फळीत ओंडका अडकला होता तेव्हा.
त्या वर्षी भात झालं नाही. खारं शिरलं.

रात्री पुन्हा यादी उघडली.
क्रमांक त्रेचाळीस. निळा गट. सत्तरावा दिवस.
नाव मला कळायला नको होतं,
पण तिचं संमतीपत्र चुकून माझ्या फायलीत आलं होतं:
पिएदाद, राहणार आगशी, वय एक्कावन्न.
समासात रोमी कोंकणीत एक ओळ,
केन्ना बरें जातलें?
'केव्हा'साठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता.
होय आणि नाही, दोन चौकटी.

आणि अजून एक गोष्ट आहे,
ती मी फुर्तादोंना कशी सांगू ठाऊक नाही.
चौथ्या महिन्यानंतर औषध गुणकारी झालं,
की ज्यांना ते झेपणार नव्हतं
ती माणसं तोवर यादीतून गेली होती
आणि मी मागे उरलेल्या चिवटांची नाडी मोजून
औषधाची पाठ थोपटते आहे?
दोन्ही गोष्टींत रेषा अगदी हीच येते.
हाच बाक, हाच नववा महिना.
मी तीन प्रकारे तपासलं.
रेषा बोलत नाही.
पिएदाद एकाच गटात होती
आणि एकदाच.

शुक्रवारी आकड्याच्या जागी चित्र दिलं.
निळ्याभोवती फिकट निळा पट्टा,
उजवीकडे रुंद होत जाणारा,
कारण तिकडे माणसं कमी, म्हणून खात्री कमी.
खाली दोन ओळींचा तक्ता,
आणि तिसऱ्या ओळीत माझी शंका, साध्या मराठीत.

फुर्तादोंनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घातला.
म्हणाले, उद्या दहाला डिचोलीचा एक जण येतोय.
मुलगी नऊ महिन्यांची आहे त्याची.
त्याला यातलं काय वाचून दाखवू?

खिडकीबाहेर कँटीनचा पोरगा
रिकाम्या सोड्याच्या बाटल्या मोजत होता,
मध्येच चुकला, पहिल्यापासून मोजू लागला.
मी पेन्सिल घेतली
आणि चौथ्या महिन्यावर
एक उभी बारीक रेघ मारली.
म्हटलं, इथवर
त्याला दर आठवड्याला बोलवा.