बट्टा

ब्यूट, मोंटाना. गॅलेना स्ट्रीटवरचं दुकान.
माझ्या शर्टाच्या खिशावर बिल्ला: पोतदार.
गिऱ्हाइकं म्हणतात पॉटडर. मी दुरुस्त करत नाही.
कुणाला सांगू की हे आडनाव म्हणजेच हुद्दा होता,
की माझा कुणी खापरपणजोबा
वसुलाचे रुपये फरशीवर आपटून ऐकायचा,
बद्द वाजला तो बाजूला,
झिजला असेल तर बट्टा कापून जमा.
मी इथे खाणकामाचं इंजिनिअरिंग शिकायला आलो होतो.
असो.

अर्लीन ट्रेव्हेना आल्या फेब्रुवारीत, मंगळवारी,
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झाडत,
कुशीत तंबाखूचा पत्र्याचा डबा.
नवऱ्याच्या आजोबांचा पगार, म्हणाल्या,
खाणीतून वर आल्यावर हातात पडायचा तो. चांदीतच.
कागदावर त्यांचा विश्वास नव्हता.
आणि डबा काचेवर उपडा केला.

एकवीस डॉलर. लखलखीत.
दुकानभर पुदिन्याचा वास.

"रात्रभर बसून घासले. टूथपेस्टनं.
परक्या माणसापुढे मळकं कसं न्यायचं?"

मी भिंग डोळ्याला लावलं,
तेवढाच चेहरा झाकला गेला.

आधी बघायचे बाईच्या कानावरचे केस,
झीज तिथून सुरू होते. मग गरुडाची छाती.
मग चक्राच्या गाठीखाली टाकसाळीचं अक्षर:
ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को,
काहीच नसेल तर फिलाडेल्फिया,
थोरल्या घराला पाटी लागत नाही तसं.
साल बघायचं. तराजूत सव्वीस ग्रॅम आणि वर पाऊण भरायला हवं.
भरलं. सगळे खरे. सगळे बंदे.

पण न घासलेलं नाणं कलतं केलं
की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गरगरतो.
इथे तो जागच्या जागी बसून राहिला.
बाईच्या गालावर बारीक रेघा, शेकडो,
सगळ्या एकाच दिशेनं,
उजव्या हाताच्या, न कंटाळणाऱ्या माणसाच्या.

"चांदीच्या भावानं घेऊ शकतो," मी म्हणालो.
कारण त्यांनी विचारलं. मी सांगितलं.
त्या म्हणाल्या, "पण ते काळे झाले होते."
मी म्हणालो, "हो."

मग डब्यात डोकावून, थोडं ओशाळून:
"एक निघालाच नाही. तळाला चिकटलाय.
सुरी घालायला धीर झाला नाही."

मालक डेलबर्ट आतून बाटली घेऊन आला.
थोडं अ‍ॅसिटोन, थोडी वाट. घासायचं नाही.
तंबाखूची काळी राळ हळूहळू सुटली,
आम्ही तिघं त्या डब्यावर वाकलेलो,
विहिरीत पडलेली घागर बघावी तसे.

वर आला. करडा, कडेला निळसर जांभळा.
गाठीखाली अक्षर एक नव्हतं, दोन होती.
सी सी. कार्सन सिटी.

आकडा तोंडानं म्हणवेना,
पावतीच्या मागे लिहून सरकवला.
नवी भट्टी बसेल घराला, वर काही उरेल.

त्या आकड्याकडे फार वेळ बघत नव्हत्या.
बघत होत्या त्या एकविसांकडे.
"म्हणजे ज्याला माझा हात लागला नाही, तो."

आमच्या घराण्यात प्रत्येक खोटीला शब्द होता,
हिणकस, कातरलेलं, बद्द, घासलेलं, गुळगुळीत.
मी ते सगळे मनात चाचपले.
डेलबर्ट उगाच पेनाचं टोपण शोधत राहिला.

एक विकला. एकवीस परत डब्यात,
एकेक रुमालानं पुसून.
"हे तरी स्वच्छ आहेत," दारातून म्हणाल्या,
मला की नवऱ्याच्या आजोबांना, कळलं नाही.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी
खिशातलं सुटं क्वार्टर काचेवर टाकून ऐकलं.
बद्द.
बोटांना अजून पुदिना.