एक त कमी

बंदरावरच्या वाचनालयात, माडीवरच्या खोलीत
ओब्दुलियाबाई फळ्यावर नियम लिहितात:
आर-वाल्या क्रियापदांनी ए घ्यायचा,
एर आणि ईर-वाल्यांनी आ.
शेजाऱ्यांनी चुकून एकमेकांची छत्री न्यावी, तसं.
आब्ला, आब्ले. कोमे, कोमा. बीबे, बीबा.

कूंबाच्या हातांना अजून तारल्यांच्या खवल्यांचा वास.
'एस्पेरो के'च्या पुढे ती लिहिते: इबू रेग्रेसा.
इबू परततो.

रेग्रेसे, बाई म्हणतात. आशा आहे ना? मग ए.
नाही, कूंबा म्हणते. मंगळवारी. अकराच्या भरतीला.

माझ्या भाषेत एवढंच होतं:
'परततो'मधला एक त गळतो
आणि उरतं, परतो.
अक्षराएवढी फट,
तिच्यातून अख्खा अटलांटिक आत येतो.

बाईंचं लाल पेन वहीवर थांबलेलं.
बाहेर बर्फाच्या कारखान्याचा भोंगा.
फार वर्षांपूर्वी याच बाईंनी
धक्क्यावर उभं राहून, सलग नऊ रात्री,
अचूक व्याकरण वापरलं होतं.
एकूण एक ए जागच्या जागी.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
पुढचं वाक्य, म्हणाल्या.