शेवटची न लिहिलेली ओळ

ग्रिम्सबीच्या गोदीत रात्री दोनला
धुकं मीठ खाऊन जड झालेलं असतं.
मी मुख्य कचेरीच्या सर्व्हर-खोलीत,
अंगात कोट, मांडीवर लॅपटॉप.
कामाच्या पावतीवर एवढंच :
इमिंगहॅमची बंद पडलेली शाखा
शीतगृहांना दिसू नये.

ओएसपीएफचा कायदा साधा आहे.
एका एरियाच्या आत काही लपत नाही.
प्रत्येक राउटरच्या पोटात तोच एक नकाशा,
कुणाची तार तुटली, कुणाची जोडली,
सगळ्यांना सगळं, शिंकेसकट.

गाळायचं तर वेशीवर.
दोन एरियांत एकेक पाय ठेवून उभा असतो
तो आतलं सगळं ऐकतो
आणि बाहेर फक्त सारांश सांगतो :
अमुक पत्ते आहेत, माझ्यामार्फत या, खर्च इतका.
कसे, कुणाच्या अंगणातून, ते विचारू नका.

मला तो आवडतो.
दर रविवारी मिरजेला फोन लावते तेव्हा
मीही तेच करते.
बरं आहे. थंडी आहे. जेवले.
दादा तिकडून : बरं आहे. उकडतंय. आईपण जेवली.
आई कितव्या दिवशी जेवली
हे सारांशात येत नाही.

तर मी ओळ लिहिली :
दहा, चाळीस, सोळा, शून्य, छेद वीस,
हा नको.
यादीला नाव दिलं, वेशीवर टांगली,
सातव्या एरियात शिरताना
हिला विचारून शिरायचं.
एंटर.
दोन चौदा.

दोन सोळाला फोन. क्लाइव्ह ब्लँचर्ड,
शीतगृहाचा रात्रपाळीवाला,
ज्याचा आवाज नेहमी बर्फाच्या लादीवरून घसरत येतो.
"व्हरिंडा," माझ्या नावातला ऋ त्याला कधीच सापडला नाही,
"बाहेरचं जग गेलंय."
म्हणजे?
"आमचं आमचं चालू आहे.
काटा प्रिंटरशी बोलतोय, चार नंबरचं दार पाचाशी.
पण पलीकडे कुणी नाही. तिकडून तापमान विचारायलाही."

मी यादी पाहिली.
एकच ओळ. एकच नको.
आणि तिच्याखाली, कुणीही न लिहिलेली,
प्रत्येक यादीच्या तळाशी असतेच ती :
बाकीचेही नकोत.

होकार टाइप करावा लागतो. नकार फुकट.
नव्या पोरांना मीच शिकवते हे,
फळ्यावर, लाल खडूनं, दोनदा अधोरेखित करून.

रस्ते जागच्या जागी होते.
केबल शाबूत, दिवे हिरवे.
थांबली होती ती फक्त खबर,
आणि खबर नाही म्हणताच सातव्या एरियाच्या लेखी
मुख्य कचेरी नाही, इमिंगहॅम नाही,
इथं कोट घालून बसलेली मीही नाही.

"मासे?" मी विचारलं.
"हातानं पाहून आलो. उणे बावीस.
त्यांना काय पत्ता."

दुसरी ओळ लिहिली :
उरलेले सगळे, कितीही लांबीचे, येऊ द्या.
बोटं थरथरली ती थंडीनं, असं म्हणू.
एकेक पत्ता परतला,
बाजारातून आल्यासारखा, निवांत.
इमिंगहॅम तेवढी आली नाही.

तीन वाजता, म्हणजे तिकडे साडेआठ,
मंगळवार, फोनचा वार नव्हे,
तरी लावला.
दादा दचकला. काय झालं?
काही नाही. आई खरंच जेवते का?
पलीकडून कुकरच्या दोन शिट्ट्या आल्या.
मग तो सांगायला लागला,
सगळं,
शिंकेसकट.

उजाडताना नोंदवही सहीसाठी आली.
क्लाइव्हच्या गिचमिड अक्षरात :
०२:१४ ते ०२:३१.
जग नाही.
मासे बरे.